सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याला 'अस्त्र' क्षेपणास्त्राच्या सुधारणेसाठी संशोधन निधी मिळेल का?

मिळू शकतो, पण अख्ख्या क्षेपणास्त्रासाठी नाही, सुट्या भागासाठी. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीतून खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. मर्यादा 50 कोटी, मुदत कमाल 4 वर्षं. डीआरडीओने जाहीर केलेली गरज बघूनच प्रस्ताव द्या. पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात. लहान उद्योग अडतात ते इथेच: स्वतःचे 10 टक्के आणि मधल्या महिन्यांचे पगार आधी बाजूला काढा.

'अस्त्र मार्क-2' या सुधारित आवृत्तीची मोटर, म्हणजे इंधन जाळून जोर देणारा भाग, दोनदा पेटते, दुसऱ्यांदा लक्ष्याजवळ, म्हणून शेवटच्या वळणालाही जोर उरतो. अशा मोटरचं कवच एका बाजूला जरा जरी पातळ उतरलं तरी दाबाखाली तिथेच फाटतं. त्यामुळे लेथइतकाच खर्च मोजमाप आणि चाचणीवर धरा. अंदाजपत्रकात हाच आकडा कमी पडतो.