नवा रस्ता होतो आणि सहा महिन्यांत पाइपलाइनसाठी फोडतात. नगरपालिका असं का करते, आणि तक्रार कुणाकडे करायची?

तुम्ही लिहिलंय की गल्लीत मार्चमध्ये काँक्रीटचा रस्ता झाला, दिवाळीनंतर तोच मधोमध फोडून पाण्याची पाइप टाकली आणि चर अजून तसाच पडलाय. पुढे विचारलंय, "नगरपालिकेतले लोक मूर्ख आहेत की खाऊन बसलेत?"

मी एका 'क' वर्ग नगरपरिषदेत बांधकाम विभागाचा लिपिक होतो, आता निवृत्त आहे. गावाचं नाव लिहीत नाही. अजून तिथेच राहतो आणि पाणी त्याच नळाला येतं.

मूर्ख तिथे कुणी नसतं. खाणारे असतात, नाही म्हणणार नाही. पण तुमच्या गल्लीत जे झालं ते कुणी एक पैसाही न खाता होऊ शकतं. तशा रस्त्याच्या आणि पाइपच्या दोन्ही फायली माझ्याच टेबलावरून गेल्या आहेत, एक डावीकडच्या गठ्ठ्यातून, दुसरी उजवीकडच्या.

आधी पैशाचं बघा. लहान गावाच्या नगरपालिकेकडे स्वतःचे पैसे म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि आठवडी बाजाराची वसुली. पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, रोख पैसे तिजोरीत यायचे. नाक्यावर काय काय चालायचं तो वेगळा विषय, पण गटार फुटलं तर ते दुरुस्त करायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि बदल्यात सहायक अनुदान आलं. ते पगारातच संपतं. घरपट्टी-पाणीपट्टीतून पंपांचं वीजबिल, घंटागाडीचं डिझेल, तुरटी, ब्लीचिंग पावडर आणि दिव्यांचे फिटिंग निघाले तरी नशीब समजायचं.

त्यामुळे रस्ता, गटार, सभामंडप, पाण्याची टाकी असलं कुठलंही मोठं काम वरून येणाऱ्या पैशावरच होतं. आणि वरून येणारा प्रत्येक रुपया कपाळावर नाव लिहूनच येतो. नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांनाच लावायचा) आणि अबंधित, वैशिष्ट्यपूर्ण कामं, आमदार निधी, अमृत. रस्त्याच्या नावाने आलेला पैसा पाइपला लावता येत नाही, पाइपचा रस्त्याला लावता येत नाही.

तुमच्या गल्लीत काय झालं असेल ते मी बसल्या जागी सांगतो. रस्ता बहुधा जिल्हा नगरोत्थानातून झाला. त्याची यादी जिल्हा नियोजन समितीकडून मंजूर होते आणि पैसा ठरल्या मुदतीत खर्ची पडला नाही तर परत जातो. पाइप अमृत 2.0 मधली असणार. ती केंद्राची योजना, 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाली आणि मोठ्या शहरांबरोबर लहान नगरपालिकाही तिच्यात आल्या. तिचा आराखडा, तांत्रिक मान्यता, राज्याची मंजुरी, निविदा, फेरनिविदा असं करत करत वर्षं जातात. पाइप कधी येणार हे मुख्याधिकाऱ्यालाही, म्हणजे नगरपालिकेचं ऑफिस चालवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाही, ठाऊक नसतं. रस्त्याचा पैसा मात्र आज हातात आहे आणि मार्चमध्ये परत जाणार आहे. आता तुम्ही मुख्याधिकारी असता तर काय केलं असतं? रस्ता थांबवला, तर "आलेला निधी परत घालवला" अशी बातमी छापून येते, नगरसेवक सभेत टेबल बडवतात. रस्ता केला आणि नंतर फोडला, तर लोक दोन दिवस शिव्या देतात. आमच्याकडे दर वेळी हा दुसराच पर्याय निवडला गेला.

एकदा आमच्या अभियंत्याने अंदाजपत्रकावर लाल शाईत शेरा मारला होता, "जलवाहिनीचे काम प्रस्तावित असल्याने रस्त्याचे काम तूर्त घेऊ नये." बरोबर शेरा होता. सर्वसाधारण सभेत तो रस्ता 'ऐनवेळचे विषय' म्हणून, म्हणजे आधी कार्यक्रमपत्रिकेत नसताना, आला, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव एकमताने मंजूर. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम. शेरा फाइलमध्येच राहिला. रस्ता झाला, कोपऱ्यावर 'यांच्या अथक प्रयत्नांतून' असा फलकही लागला. फोडाफोडीच्या वेळी आधी तो फलकच काढावा लागला, कारण चर नेमका त्याच्या खालून जात होता.

या सगळ्यात लोकांच्या लक्षात न येणारं नुकसान वेगळंच आहे. रस्त्याच्या ठेकेदारावर दोष दायित्व कालावधी असतो. म्हणजे करारात जितकी वर्षं लिहिली तितकी वर्षं रस्ता खराब झाला तर त्याने पदरमोड करून दुरुस्त करायचा. त्याची अनामत त्यासाठीच अडकवून ठेवलेली असते. पाइपवाल्याने चर मारला की रस्त्याचा ठेकेदार दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन हजर, "रस्ता आपणच फोडला असल्याने माझी जबाबदारी संपुष्टात आली आहे." काय उत्तर देणार? मी स्वतः अशा अर्जांवर आवक क्रमांक टाकलेत. काही ठेकेदार तर चराची वाटच बघत असतात असं माझं मत झालंय. चर दोन फुटांचा, पण त्या निमित्ताने अख्ख्या शंभर मीटर रस्त्याची जबाबदारी झटकता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉल्व्ह. आमच्याकडे पाणीपुरवठ्याला एक व्हॉल्व्हमन होते, सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. पहाटे सायकलला लोखंडी टी-चावी बांधून निघायचे. कुठल्या गल्लीत किती आटे सोडायचे, कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठल्या चौकात चार इंची लाइन अडीच इंचीला भेटते, सगळं त्यांच्या डोक्यात. ऑफिसात एक निळा नकाशा होता, पण तो मूळ योजनेचा. नंतरची वाढीव लाइन त्यात नव्हती. काँक्रीटचे रस्ते सुरू झाले तसे मामांचे चेंबर, म्हणजे व्हॉल्व्हवरचे झाकणाचे खड्डे, एकेक करून गाडले गेले. मामा ठेकेदाराच्या माणसांपुढे हात जोडायचे, "बाबांनो, झाकणाभोवती चौकट सोडा." मुकादम म्हणायचा, "इस्टिमेटमध्ये नाही." आणि खरंच नसायचं. चेंबर वर उचलून घेण्याचा आयटमच कुणी धरलेला नसायचा. म्हणून मामा शेजारच्या भिंतीवर तेलरंगाने बाण काढून फूट लिहून ठेवायचे. मामा निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात गळती शोधायला एकाच गल्लीत चार ठिकाणी खड्डे मारले. चौथ्याला सापडली. मधले तीन खड्डे काही कुणी खाल्लेल्या पैशातून पडले नव्हते, पण पैसा गेला तो गेलाच.

आता तुमच्या चराकडे येतो. पाइपलाइनच्या अंदाजपत्रकात बहुतेक वेळा 'रस्ता पूर्ववत करणे' असा वेगळा आयटम असतो. तुमच्या कामात तो आहे का आणि त्याचं बिल निघालंय का, एवढ्या दोनच गोष्टी तुम्हाला हव्यात. बिल निघालं नसेल तर तुमच्या हातात दोरी आहे. ठेकेदाराला अंतिम बिल हवं असतं, तुमची तक्रार लेखी फाइलला लागलेली असली की लेखापाल सही करायला कचरतो. बिल निघालं असेल तर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे अभियंता झालेलं काम मोजून लिहितो त्या वहीत, न झालेलं काम मोजलंय, आणि मग तुमच्या प्रश्नातल्या 'खाऊन बसलेत'ला पुरावा मिळाला.

"माती बसू द्या, एक पावसाळा जाऊ द्या," असं ते सांगतील. त्यात निम्मं खरं आहे. चर भरल्या भरल्या वर काँक्रीट टाकलं तर ते खचतं. पण थर देऊन, पाणी मारून, धुमस करून भरला असेल तर इतकं थांबायची गरज नसते. तुमचा चर कसा भरलाय ते तुम्ही पाहिलंच असेल. जेसीबीने एकदाच माती ढकलली असेल तर पावसाळ्यात तिथे ओढा होणार.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा, नगराध्यक्षांच्या नाही. नगराध्यक्षांना प्रत द्या, त्यांना बरं वाटतं. रस्ते, गटारं, पाणी, दिवे ही 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 49 खाली नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, तेवढं एक वाक्य अर्जात टाका. आवक-जावकच्या खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. व्हॉट्सॲपवर नगरसेवकाला पाठवलेल्या फोटोला आवक क्रमांक नसतो. गेल्या काही वर्षांत बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक होता, नगरसेवक नव्हतेच, डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर ते परत आलेत. नव्या नगरसेवकाला पहिल्या वर्षी कामाचा उत्साह असतो, त्याचा फायदा घ्या. पण कागद ऑफिसातच द्या.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, तीस दिवसांत उत्तर. 'रस्त्याची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहू नका, असल्या अर्जाला "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर आम्ही डोळे मिटून टाईप करायचो. नेमकं मागा: दोन्ही कामांचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या प्रती, काँक्रीटच्या क्यूबचा (ताकद तपासायला ओतलेल्या ठोकळ्याचा) 28 दिवसांचा चाचणी अहवाल. या कायद्यात नुसती कागदं नाहीत, चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. माझ्या सगळ्या नोकरीत तो फक्त एका शिक्षकांनी वापरला. ते पाहणीला आले त्या दिवशी साइटवर व्हायब्रेटर होता, पाणी मारायला माणूस होता, अभियंता टोपी घालून उभा होता. एरवी तिघंही नसत.

खरं तर ओतकाम चालू असताना हजर राहण्याइतका दुसरा उपाय नाही. हिशोब सोपा आहे. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर जाड रस्ता म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. बारा सेंटिमीटर ओतलं तर 36. नऊ घनमीटर हवेत गेले आणि वरून दोन्ही रस्ते सारखेच दिसतात. एकदा ओतलं की जाडी बघायला कोअर, म्हणजे रस्त्याला आरपार भोक पाडून गोल तुकडा, काढावा लागतो, त्यासाठी मशीन, पत्रव्यवहार, शुल्क. ओतण्याआधी मात्र दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल लावलेले असतात. आडवी दोरी ताणायची आणि मधोमध टेपने खाली किती उतरतं ते बघायचं. कडेला नाही, मधोमध. कडेला सगळे पंधरा देतात, मध्ये खालचा थर फुगवलेला असतो. पाच रुपयांचीही गरज नाही, शिंप्याची टेप चालते. भांडू नका. नुसतं मोजा, वहीत लिहा, फोटो काढा आणि चहा पीत तिथेच बसा. आमच्या गावात एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या घरासमोरचा तुकडा अजून शाबूत आहे, दोन्ही बाजूंचा उखडलाय. मुकादम त्यांना घाबरून "आजी, घरात जा, ऊन लागेल" म्हणत होता.

आणि रस्ता मंजूर झाल्याचं कळलं, की त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागात जाऊन एकच प्रश्न लेखी विचारा: या गल्लीत जलवाहिनी, गटार किंवा केबलचं काम प्रस्तावित आहे का? तो अर्ज रस्त्याच्या फाइलला लागला की अभियंत्याच्या लाल शेऱ्याला सोबत मिळते. एकट्या शेऱ्याला सभेत कुणी विचारत नाही.

माझ्या स्वतःच्या गल्लीत मी एवढं केलं. गेल्या रस्त्याच्या वेळी मामांना घरून बोलावून आणलं, व्हॉल्व्हची जागा दाखवून घेतली आणि माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर बाण काढून घेतला. पुढच्या वर्षी स्वच्छ सर्वेक्षणाची रंगरंगोटी आली आणि नगरपालिकेच्या पेंटरने त्या बाणावर 'ओला कचरा, सुका कचरा' लिहिलं. आता ते माप माझ्या डायरीत आहे: फाटकाच्या डाव्या खांबापासून अकरा फूट, रस्त्याच्या मध्याकडे. मुलालाही सांगून ठेवलंय.