सामूहिक अभ्यासगटात एक दिवस कसा जातो? एकट्यानं शिकायची सवय असलेल्याचा तिथे वेळ वाया जातो का?

तुम्ही लिहिलंय की आजवर तुम्ही एकट्यानंच अभ्यास करत आलात, आता काही जणांनी मिळून शिकायच्या गटात बोलावलंय, आणि दुसऱ्यांना समजावण्यात आपला दिवस जाईल अशी धास्ती वाटतेय. दोन वर्षांपूर्वी मीही हीच धास्ती घेऊन अशा गटात गेले होते. कालचाच दिवस सांगते. तो अजून डोक्यातून गेलेला नाही, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

आम्ही बारा जण. शाखा वेगवेगळ्या, पण भौतिकशास्त्र सगळ्यांनाच लागतं. शिकवणारं असं कुणी नाही. एक ताई असतात, आमच्यापेक्षा बऱ्याच पुढे शिकलेल्या. त्या फळ्यापाशी उभ्या न राहता आमच्यातच बसतात. प्रश्न निवडायचा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, एवढंच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंय.

काल सकाळचा प्रश्न असा होता: चेंडू सरळ वर फेकला. हवेचा विरोध नाही असं धरा. अगदी वरच्या टोकाला पोचतो त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती?

आमच्याकडे एक नियम कडक पाळला जातो. आधी प्रत्येकानं चिठ्ठीवर आपलं उत्तर लिहायचं, कुणाशीही न बोलता. दोन मिनिटं. मग चिठ्ठ्या मोजायच्या, पण बरोबर कोणतं ते सांगायचं नाही. काल सात जणांनी शून्य लिहिलं, चौघांनी 'खालच्या दिशेनं ९.८' (म्हणजे वेगात दर सेकंदाला सेकंदी ९.८ मीटरचा फरक), आणि एक चिठ्ठी कोरी आली. मी त्या चौघांतली. मग जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला आलेल्या मैत्रिणीनं शून्य लिहिलं होतं.

"वर जाऊन थांबतो की नाही चेंडू?" तिनं विचारलं.

"थांबतो."

"थांबला म्हणजे वेग शून्य. मग त्वरण कुठून आलं?"

"अगं, गुरुत्वाकर्षण असतंच ना."

"ते असू दे. पण चेंडू हलतच नाहीये. मग बदलतंय काय?"

मी गप्प झाले. माझं उत्तर बरोबर होतं, पण ते बरोबर का आहे हे मला सांगता येईना. शाळेत असताना कधीतरी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. 'बदलतंय काय' असं तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचं तिनंच केलं. चिठ्ठी उलटी केली आणि पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली. टोकाच्या एक सेकंद आधी चेंडूचा वेग किती? वरच्या दिशेनं सेकंदाला ९.८ मीटर. टोकाला शून्य. टोकानंतर एक सेकंदानं? खालच्या दिशेनं ९.८. तीन आकडे एकाखाली एक लिहून ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आधीच्या सेकंदात जेवढा फरक पडला तेवढाच नंतरच्या सेकंदातही पडला. मग मधल्या एका क्षणापुरता तो पडायचा थांबेल कशाला?" आणि लगेच, जरा मोठ्यानंच, "अगं, आणि थांबलाच तर चेंडू खाली येणारच नाही! तिथेच लटकून राहील!"

आजूबाजूच्या दोन जोड्यांनी मान वळवून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला कुठल्याही पुस्तकातून मिळालं नसतं. मी तिला समजावलं नव्हतं, तिनं मला समजावलं होतं, आणि चिठ्ठी तिची चुकलेली होती. तुम्हाला ज्याची धास्ती वाटते ते 'दुसऱ्यांना समजावण्यात वेळ जाणं' प्रत्यक्षात हे असं असतं.

दुसऱ्या फेरीत अकरा चिठ्ठ्यांवर ९.८ आलं. एकावर अजून शून्यच होतं. आम्ही सगळ्यांत जास्त वेळ त्या एकाला दिला, आणि तो वेळ सार्थकी लागला. त्याचा मुद्दा होता की 'क्षण' म्हणजे शून्य वेळ; शून्य वेळात काहीच बदलू शकत नाही, मग त्या क्षणाचं त्वरण असं बोलायचं तरी कसं? ही शंका अगदी कसदार आहे. तात्कालिक (त्या क्षणाचा) वेग, तात्कालिक त्वरण, सीमा (कालावधी शून्याकडे नेत जाणं), अवकलन (बदलाचा दर काढायचं गणित) हा सगळा गणिताचा डोलारा याच शंकेतून उभा राहिलाय. त्याला पटायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात उदाहरणसंग्रहातली दहा गणितं झाली असती, हे खरंच आहे. पण 'अगदी छोट्या कालावधीत बदल किती, आणि तो कालावधी आणखी छोटा करत गेलं तर काय होतं' हे मी काल पहिल्यांदा माझ्या शब्दांत कुणाला तरी सांगितलं. अवकलनाची सूत्रं मला दोन वर्षांपासून येतात.

ही चिठ्ठ्यांची पद्धत आमची नाही. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ च्या सुमारास आपल्या वर्गात ती सुरू केली. मुलं लांबलचक गणितं बिनचूक सोडवतात आणि साध्या भाषेत अर्थ विचारला की अडखळतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर असा त्याचा क्रम आहे. माझ्या मनात सुरुवातीला एक शंका होती: जोडीतले दोघंही चुकलेले असतील तर बोलून काय साधणार? ताईंनी तेव्हा कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. जनुकशास्त्राच्या वर्गात, ज्या गटांमध्ये सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर माहीत नव्हतं, त्यांतल्या मुलांचीही समज चर्चेनंतर वाढलेली दिसली. नंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाला एकट्यानं सोडवायला दिला होता, त्यावरून हे कळलं. कालची आमची जोडी बघितल्यावर मला यात काही नवल वाटत नाही.

कोरी चिठ्ठी कुणाची होती ते आम्ही विचारत नाही. पण चर्चेत ज्याला बोलायला वेळ लागतो त्याच्यासाठी एक सवय आम्ही लावून घेतलीय. कुणालाही प्रश्न विचारला की विचारणाऱ्यानं मनात तीनपर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड उघडायचं नाही. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधकांनी वर्गांमधल्या संवादाच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. करून बघा, फार लांब वाटतात. काल अशाच एका शांततेत आमच्यातली सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी म्हणाली, "वेग शून्य असणं आणि वेग शून्यच राहणं, यात आपण गल्लत करतोय का?" सकाळभराच्या चर्चेतलं सगळ्यांत नेमकं वाक्य तिचं होतं.

दुपारची गोष्ट सांगायला मला जड जातंय, पण ती सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाला पुरं उत्तर मिळणार नाही.

दुपारी आम्ही उष्णतेचं संक्रमण घेतलं होतं. धड्याचे तीन तुकडे केले: वहन (उष्णता कणाकडून कणाकडे जाते), अभिसरण (हवा किंवा पाणी ती वाहून नेतं), प्रारण (ती किरणांच्या रूपानं जाते). तिघातिघांचे चार गट, आणि प्रत्येक गटात एकाकडे एकच तुकडा. एकाच तुकड्याचे चौघं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परत येऊन बाकीच्या दोघांना शिकवतात. हिला जिगसॉ पद्धत म्हणतात. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट अ‍ॅरन्सन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ती आखली. तिथल्या शाळांमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि वातावरण फार तंग होतं. प्रत्येक मुलाकडे धड्याचा एक असा तुकडा दिला की जो त्याच्या गटात दुसऱ्या कुणाकडेच नाही, म्हणजे त्याचं ऐकल्यावाचून गत्यंतरच उरत नाही.

माझ्याकडे प्रारण होतं. आदल्या रात्री मी ते वरवर चाळलं होतं. चौघांत बसलो तेव्हा बाकीचे तिघं बोलत होते आणि मी माना डोलवत होते. परत गटात येऊन मी शिकवलंही: उष्ण वस्तू ऊर्जा उत्सर्जित करते, त्याला माध्यम लागत नाही, सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत अशीच येते. दोघांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग ताईंनी सगळ्या गटांना एकच प्रश्न दिला: थर्मासमध्ये पेय तासन् तास गरम कसं राहतं? भाग सुटे करून समोर ठेवलेला एक जुना थर्मास होता. दुहेरी भिंतीची काचेची बाटली आणि आतून आरशासारखी चकचकीत. आमच्या गटातल्या मुलानं लगेच सांगितलं, दोन भिंतींमध्ये निर्वात आहे, म्हणजे वहनाला कण नाहीत. मुलगी म्हणाली, हवा नाही म्हणून अभिसरणही नाही. आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. चकचकीत मुलामा कशाला?

मला सांगता आलं नाही. चकचकीत पृष्ठभाग प्रारण परावर्तित करतो आणि स्वतःही फार कमी उत्सर्जित करतो, हे माझ्याच तुकड्यात होतं. मी ते वाचलंच नव्हतं. बाकीच्या तीन गटांनी पुरं उत्तर मांडलं. आमचं दोन तृतीयांशावर थांबलं. त्या दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं, तरी त्यांच्या वहीत प्रारणाचं पान अर्धं राहिलं ते माझ्यामुळे. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मी संध्याकाळी थांबून दोघांना तो भाग नीट समजावून दिला आणि मगच निघाले.

गटात शिकण्यातली खरी जोखीम इथे आहे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं होतं. ते १९१३ साली प्रसिद्ध झालं. माणसं वाढत गेली तसा एकूण जोर वाढला, पण दर माणशी जोर कमी होत गेला. अनेकांचे हात लागले की प्रत्येकाचा हात थोडा सैल पडतो. माना डोलवताना माझा पडला होता. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच कागद लिहायचा अशा गटापेक्षा, जिथे प्रत्येकाकडे स्वतःची चिठ्ठी आणि स्वतःचा तुकडा असतो तो गट मला जास्त भरवशाचा वाटतो. तिथे लपता येत नाही.

आता वेळेचं. धडा पहिल्यांदा वाचणं, सूत्रं पाठ करणं, गणितांचा हात बसवणं हे एकट्यानंच करा. ते गटात करायला गेलात तर वेळ नक्की वाया जाईल. ज्या गटात एकच जण बोलतो आणि बाकीचे उतरवून घेतात, किंवा चुकीच्या उत्तरावर हसतात, त्या गटात दुसऱ्यांदा जाऊ नका. जाण्याआधी तुम्हाला अडलेला एक प्रश्न, अर्धवट असेल तसाच, बरोबर घेऊन जा, आणि तो ऐकल्यावर तिथली माणसं आधी उत्तर देतात की तुम्ही कुठपर्यंत पोचलात ते विचारतात, हे बघा.

दिवसाच्या शेवटी आम्ही एका सामाईक वहीत प्रत्येकी तीन ओळी लिहितो: आज काय कळलं, ते कुणामुळे, आणि काय कळलेलं नाही. काल पेन्सिलीनं रेघ मारणाऱ्या मैत्रिणीनं 'कुणामुळे' पुढे माझं नाव लिहिलंय. मी तिचं लिहिलंय. कोपऱ्यातल्या त्या अबोल मुलीनं तिसऱ्या ओळीत एक प्रश्न ठेवलाय: हवेचा विरोध धरला तर चेंडूला वर जायला जास्त वेळ लागेल की खाली यायला?

पुढच्या बैठकीची सुरुवात त्यानंच आहे. माझ्या चिठ्ठीवर मी 'खाली यायला' असं लिहून ठेवलंय, आणि का ते कुणालाही सांगता येईल अशा शब्दांत बसवायला आज संध्याकाळी बसणार आहे.