प्रसिद्ध माणसं आपल्या निष्ठावंत चाहत्यांशी खरोखर कशी वागतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, की बारा वर्षं एका कलाकाराचं सगळं काही जमवताय, आता भेटायला जायचं मनात आहे, आणि ही मंडळी जुन्या चाहत्याला ओळख देतात का, हे कुणीतरी अनुभवाने सांगावं. एरवी मी असे प्रश्न वाचून पुढे जातो. 'जमवतोय' या शब्दापाशी थांबलो. मी चौदा वर्षं जमवलं.

भेटीत बहुतेक जण चांगलेच वागतात. हसतात, विचारपूस करतात, फोटो काढू देतात. त्यावरून काहीही ठरवू नका. चार मिनिटं गोड वागायला काही लागत नाही. चारचौघांत तुमचं नाव घ्यायची वेळ येते तेव्हा ते काय करतात, तिथे माणूस कळतो.

माझं दैवत म्हणजे एक पार्श्वगायिका. नाव सांगणार नाही, या उत्तरात त्या फक्त 'बाई'. त्यांची गाजलेली तीस-चाळीस गाणी सगळ्यांना येतात. मी उरलेल्यांच्या मागे होतो. आठवड्यात उतरलेल्या चित्रपटांतली, चित्रपट डब्यात गेला पण तबकडी निघाली अशी, आणि जिथे दोन ओळी सोडल्या तर सगळं कोरसच आहे अशीसुद्धा. एक जाड वही केली होती. गाणं, गीतकार, सहगायक, साल, तबकडीचा क्रमांक. स्वतःच्या कानाने ऐकलेल्या गाण्यापुढे लाल टिंब. नुसतं चित्रपटाच्या गाण्यांच्या पुस्तिकेत छापलेलं सापडलं, तर टिंब नाही. लेबलांवर चुका असतात, पुस्तिकेत त्याहून जास्त, म्हणून ऐकल्याशिवाय मी नोंद पक्की मानत नसे. चौदा वर्षांनी आकडा आला १,१४३. त्यात टिंब नसलेली फक्त ४६.

एका ओळखीच्या वादकाने मला बाईंकडे नेलं. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वही वाचायला घेतली, शाळेतल्या मुलीसारखी. मी समोर बसून बोट कुठपर्यंत आलंय ते बघत होतो. एका पानावर बोट थांबलं. "हे मी गायलंय?" मी म्हटलं, "हो बाई, दुसऱ्या कडव्यापासून तुम्ही आहात." त्यांनी डोळे मिटले. गुणगुणत पहिली ओळ आली, दुसरी अर्ध्यावर अडली. मी पुढचा शब्द सांगितला. त्यांनी डोळे न उघडता तो शब्द घेतला आणि ओळ पुरी केली. त्या वेळी त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं आणि आवाजाला कंप होता, पण सम बरोबर जागेवर आली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा क्षण आहे, पुढे जे झालं त्यानंतरही.

निघताना म्हणाल्या, "वही ठेवून जा, सावकाश वाचते." मी ठेवली. घरी आल्यावर थोरल्या भावाने एकच विचारलं, "झेरॉक्स काढलीस?" नव्हती काढली. दादाचं मत पहिल्यापासून ठरलेलं. मोठ्या माणसाला चाहता म्हणजे फुकटचा गडी. आमचं त्या रात्री जे वाजलं, ते पुढे कित्येक वर्षं वाजत राहिलं.

आठ महिन्यांनी बाईंचा सत्कार झाला, गौरवग्रंथ निघाला. मागे गाण्यांची सूची होती. ती माझी होती. मी संगीतकारांप्रमाणे लावली होती, आणि संगीतकारांचा क्रम माझ्या आवडीचा. तसा क्रम दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नाही. तरी कुणी शंका घेईल म्हणून आणखी एक पुरावा सांगतो. माझ्या हस्ताक्षरात १ आणि ९ सारखे दिसतात. वहीत १९६१ लिहिलेलं एक गाणं ग्रंथात १९६९ सालचं छापलं होतं. त्याचा संगीतकार १९६४ सालीच वारला होता. ऋणनिर्देशाची दोन पानं होती, मंडपवाल्यापासून मुद्रितशोधकापर्यंत सगळे होते. मी नव्हतो.

आणि प्रस्तावनेत काय, तर बाईंनी 'पाच हजारांहून अधिक गाणी' गायली. मागची सूची कुणी बोटाने मोजली असती तरी १,१४३ भरली असती.

मी रांगेत उभा राहून भेटलो. बाई म्हणाल्या, "आलात, छान वाटलं." माझ्या पुढच्याला आणि मागच्यालाही तेच म्हणाल्या. मग त्यांचं काम बघणाऱ्या गृहस्थांना गाठलं. ते म्हणाले, "अहो, प्रेमापोटीच केलंत ना? मग नाव कशाला?" आकड्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "आकड्यात शिरू नका, बाईंचा मान कमी होतो."

हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. १,१४३ गाण्यांनी कुणाचा मान कमी होतो? फुगवलेल्या आकड्यांचा हा रोग जुना आहे. गिनेस बुकात १९७४ साली लता मंगेशकरांच्या नावावर २५,००० गाणी छापली गेली, त्यावर मोहम्मद रफींनी हरकत घेतली, मोठा वाद झाला. पुढे संग्राहकांनी एकेक तबकडी धरून मोजलं तेव्हा हिशेब त्या आकड्याच्या आसपासही गेला नाही, आणि लताबाईंचं मोठेपण तसूभर कमी झालं नाही. मोजणारे कोण होते? पदरमोड करणारे चाहते. हिंदी चित्रपटगीतांचा कोश करणारे कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' कुठल्या विद्यापीठाने नेमलेले नव्हते. गाणारा गाऊन मोकळा होतो, कंपनी विकून मोकळी होते. कुठलं गाणं कुणी कधी गायलं हे चाहत्याने लिहून ठेवलं नाही, तर ते राहत नाही.

नावाचंच म्हणाल तर १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' छापलं होतं. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. तेव्हाची पद्धतच तशी होती. गाणं रेडिओवर लागलं आणि ऐकणाऱ्यांनी आवाज कुणाचा म्हणून विचारून विचारून भंडावून सोडलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. श्रोत्यांनी हट्ट धरून गायिकेला तिचं नाव मिळवून दिलं. त्याच क्षेत्रात सूची करणाऱ्या श्रोत्याला 'नाव कशाला' म्हणून विचारतात, याची मला आजही चीड येते.

तुमच्या प्रश्नाकडे वळतो. चांगली उदाहरणं आहेत. सुधीर कुमार चौधरी, अंगाला तिरंगा रंगवून प्रत्येक सामन्याला हजर असणारा. २०११ चा विश्वचषक जिंकल्यावर सचिन तेंडुलकरने त्याला ड्रेसिंग रूममध्ये बोलावून करंडक हातात दिला. सगळ्या देशाला त्याचं नाव कळलं. नाव घेणं म्हणतो ते हे. तमिळ अभिनेता अजितकुमारने २०११ मध्ये स्वतःचे फॅन क्लब बरखास्त केले. लोक त्याला कठोर म्हणाले, मला तो प्रामाणिक वाटतो. जी निष्ठा सांभाळता येणार नाही ती घ्यायचीच नाही, हे सांगायला हिंमत लागते. रजनीकांतच्या चाहत्यांचं मात्र मला वाईट वाटतं. ३१ डिसेंबर २०१७ ला राजकारणात येण्याची घोषणा झाली, माणसं तीन वर्षं राबली, आणि २९ डिसेंबर २०२० ला प्रकृतीमुळे माघार. त्यांनी उघडपणे क्षमा मागितली, ते मी मानतो. पण राबलेल्यांची तीन वर्षं गेलीच.

म्हणून सांगतो, मूळ वही कुणाच्याही हातात देऊ नका. प्रत द्या, प्रत्येक पानावर स्वतःचं नाव आणि तारीख घालून द्या. कार्यालयातून 'जरा मदत हवी होती' असा फोन आला, तर नाव कुठे छापणार ते आधी विचारा. अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. प्रेमाने केलेल्या कामालाही करणारा असतो. 'प्रेमापोटी' हा शब्द समोरच्याच्या तोंडी आला की सावध व्हा. तो तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल वापरायचा शब्द आहे, त्यांनी नाही.

दादाचं म्हणणं मात्र मी तेव्हाही मानलं नव्हतं आणि आजही मानत नाही. तो म्हणायचा, चौदा वर्षं वाया गेली. वाया कशी? टिंब नसलेली ४६ गाणी धुंडाळताना मला जे संगीत ऐकायला मिळालं ते बाईंनी दिलेलं नव्हतं आणि त्यांच्या माणसांना ते काढूनही घेता आलं नाही. नाव छापलं नाही हा अन्याय आहे, एवढंच माझं म्हणणं. चाहता असणं हाच मूर्खपणा, हे दादाचं म्हणणं. दोन्ही एक नाहीत. हे मी त्याला नीट सांगू शकलो नव्हतो, म्हणून इथे लिहितोय.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दारावर माणसं बसवलेली असतात ती उगाच नसतात. १९९३ साली हॅम्बुर्गमध्ये टेनिसपटू मोनिका सेलेसच्या पाठीत सुरा खुपसणारा माणूस स्वतःला तिची प्रतिस्पर्धी स्टेफी ग्राफचा निष्ठावंत चाहताच म्हणवत होता. ग्राफ बिचारी सेलेसला भेटायला रुग्णालयात गेली. त्यामुळे कुणी तुम्हाला चार हात लांब ठेवलं तर लगेच अपमान समजू नका. ग्रंथ बाईंनी स्वतः चाळला होता की नाही, हेही मला ठाऊक नाही. थकल्या होत्या, आणि सगळं ते गृहस्थच बघत होते.

मग दोन वर्षांनी वही टपालाने परत आली. पत्र नाही, चिठ्ठी नाही. मी पान न पान तपासलं. ज्या गाण्यापाशी बाईंचं बोट थांबलं होतं, त्याच्या समासात पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, चार ओळी लिहिल्या होत्या. वाचल्यावर कळलं, तो तिसरा अंतरा आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून पडद्यावरच्या गाण्यातली कडवी तबकडीवर गाळत. त्या चित्रपटाची प्रिंट मला कुठेच सापडलेली नाही. म्हणजे हा अंतरा बाईंच्या डोक्यात होता आणि आता माझ्या वहीत आहे.

यामुळे नावाची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही. दादाला वही दाखवली. त्याने त्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि विचारलं, "चाल काय याची?" त्या संगीतकाराला शेवटच्या अंतऱ्याची चाल बदलायची सवय होती, त्यामुळे आधीच्या कडव्यांवरून काही सांगता येत नव्हतं. बाईंनाच विचारायला हवं होतं. वेळ मागितली, त्या गृहस्थांनी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हटलं, आणि त्या महिन्याच्या आत बाई गेल्या.

तुमचे कलाकार हयात आहेत. तेव्हा जा, आणि लवकर जा. 'मला ओळखलंत का' हे विचारण्यात वेळ घालवू नका. त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाहीत असे पाच-सहा प्रश्न घरून लिहून न्या, आणि उत्तरं देताना त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा.