वाचक विचारतात : फाइल हातात नसेल तर तक्रार कशी करणार?

प्रश्न : आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्या तालुक्यातल्या खासगी रुग्णालयात झालं. तिसऱ्या दिवसापासून ताप होता, पोट फुगलं होतं. ‘गॅस आहे’ म्हणून पाचव्या दिवशी घरी पाठवलं. शेवटी शहरात दुसरं ऑपरेशन करावं लागलं. पित्त पोटात गळत होतं. पहिलं रुग्णालय डिस्चार्ज कार्डाशिवाय काहीच देत नाही. पोलिसांत जावं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पोलिसांत जाण्याची घाई नको. आधी फाइल मिळवा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज आईच्या सहीने करा किंवा तिचं अधिकारपत्र जोडा. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

‘सगळे कागद द्या’ असं मोघम लिहिलंत तर चार पानं हातात पडतील. म्हणून नावानिशी मागा : केसपेपर, संमतिपत्र, ऑपरेशनची आणि भुलेची नोंद, डॉक्टरांचे रोजचे शेरे, सगळे रिपोर्ट, तपशीलवार बिल आणि नर्सिंग चार्ट. तुमच्या बाबतीत हा शेवटचा कागद सर्वांत मोलाचा आहे. ताप किती वाजता चढला, नाडी किती होती, सिस्टरने डॉक्टरांना कधी कळवलं, हे त्यातच सापडतं. दुसऱ्या रुग्णालयातली ऑपरेशनची नोंदही घ्या. पोटात काय आढळलं ते तिथेच लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मनाला पटायला जड जाते, पण सांगायलाच हवी. पित्त गळणं ही नीट केलेल्या ऑपरेशननंतरही होऊ शकणारी गुंतागुंत आहे. तेवढ्यावरून हलगर्जी सिद्ध होत नाही. तुमची तक्रार उभी राहते ती ताप आणि फुगलेलं पोट दिसत असताना सोनोग्राफी न करता घरी का पाठवलं, या मुद्द्यावर. तिथेच बोट ठेवा. तक्रारीत विशेषणं नकोत. तारीख, वेळ, काय दिसलं, कोणाला सांगितलं, उत्तर काय आलं, एवढंच ओळीने लिहा.

आता कुठे जायचं? डॉक्टरवर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. ती ताकीद देऊ शकते, डॉक्टरांच्या नोंदवहीतून नाव काढू शकते, पण भरपाई देत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकाच्या परिषदा वेगळ्या आहेत. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, वकील सक्तीचा नाही. शुल्क मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरतं. ती पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. फौजदारी गुन्ह्याला मात्र ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि पोलिसांना आधी तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आहे. रुग्ण दगावला असेल आणि शंका असेल तर अंत्यसंस्काराआधी शवविच्छेदन मागा. नंतर तो पुरावा मिळत नाही.

प्रश्न : महात्मा फुले योजनेत ऑपरेशन मंजूर असूनही रुग्णालयाने औषधं बाहेरून आणायला लावली. मोफत उपचारांबद्दल तक्रार करता येते का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : येते. औषधाची चिठ्ठी आणि दुकानाचं बिल दोन्ही जपा. चिठ्ठी नसेल तर ‘आम्ही सांगितलंच नव्हतं’ असं म्हणायला वाव राहतो. रुग्ण दाखल असतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) लेखी द्या, योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक टिपून घ्या. उपचारातच हलगर्जी झाली असेल तर ग्राहक आयोगही बंद नाही. सर्वांनाच फुकट सेवा देणारी रुग्णालयं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने ग्राहक कायद्याबाहेर राहिली. पण जिथे इतर रुग्ण पैसे मोजतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहकच आहे.