लहान मूल आणि गुडघेदुखीचे वडील सोबत असताना राष्ट्रीय उद्यानात कोणत्या वाटा निवडाव्यात?

तुम्ही लिहिलंय की हाताशी दोन दिवस आहेत, सोबत आठ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारे वडील आहेत, आणि उद्यानाच्या नकाशावरच्या वीस-बावीस वाटा बघून काहीच ठरत नाहीये.

आधी किलोमीटर बाजूला ठेवा आणि प्रत्येक वाटेवर एकूण चढ किती मीटर आहे ते बघा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला हिशेब आजही कामी येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. म्हणजे ६ किलोमीटरची, ३०० मीटर चढाची वाट साधारण पावणेदोन तासांची. पण हा हिशेब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. तुमच्यासाठी मी तो सरळ दुप्पट धरेन, कारण मुलगी प्रत्येक किड्यापाशी थांबणार आणि तिने थांबायलाच हवं.

वडिलांसाठी मात्र चढापेक्षा उताराची काळजी जास्त घ्या. चढताना दम लागतो, थांबलं की तो जातो. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर येतो आणि ते दुखणं दुसऱ्या दिवशीही सोबत असतं. दोन्ही हातांत काठ्या असल्या तर बराच फरक पडतो. उंच दगडी पायऱ्यांची वाट असेल तर ती कितीही प्रसिद्ध असो, सोडून द्या.

आधी उतार आणि मग चढ अशी वाट सगळ्यात फसवी. मी एकदा आईला घेऊन अशाच एका धबधब्याला गेलो होतो. जेमतेम दीड किलोमीटर खाली, आई गप्पा मारत उतरली. परतताना ती दर वीस पावलांवर बसायची, आणि तिचा चेहरा बघून मला फार अपराधी वाटलं. तेव्हापासून मी विचारतो, परतीची वाट कशी आहे? अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये तर उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला ठेवा असंच सांगतात. शिवाय तिथे जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते, म्हणून उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत दरीत चालू नका अशी उद्यानाची सूचना असते.

गोल फिरून येणाऱ्या वाटा नकाशावर छान दिसतात. पण अर्धी वाट संपल्यावर कोणी थकलं तर मागे जा की पुढे, अंतर तेवढंच. म्हणून पहिल्या दिवशी गेल्या वाटेनेच परतायची वाट घ्या. अर्धं पाणी संपलं किंवा ठरवलेली वेळ झाली की जिथे असाल तिथून वळायचं. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती हिरमुसणार नाही.

पोचल्यावर माहिती केंद्रातल्या कर्मचाऱ्याला ‘चांगली वाट कोणती?’ असं विचारू नका, कारण मग सगळ्यात गाजलेल्या आणि गर्दीच्या वाटेचं नाव मिळतं. ‘असे असे तिघं आहोत, तीन तास आहेत, आज कुठे चिखल आहे, सावली कुठे आहे?’ असं विचारा. कुठली वाट बंद आहे, हेही तिथेच कळतं. नकाशा मात्र फोनमध्ये आधी उतरवून घ्या, आत रेंज असेलच असं नाही.

दिवसाला एकच चालणं ठेवा, तेही सकाळी. बरेचसे प्राणी पहाटे आणि सांजवेळी बाहेर पडतात, भर दुपारी ते सावलीत असतात, आपणही असावं. दुपारी गाडीतून किंवा नावेतून फेरी, किंवा उद्यानाच्या माणसाबरोबरची छोटी माहितीफेरी असेल तर ती आधी धरा. त्यात मुलीला पायाचे ठसे आणि विष्ठा ओळखायला शिकवतात, आणि मुलांना ते फार आवडतं. लाकडी फळ्यांची सपाट वाट असेल तर ती वडिलांसाठी उत्तम. पाणवठा दिसेल अशा ठिकाणी अर्धा तास गप्प बसणं हाही पूर्ण कार्यक्रम आहे. मी सर्वाधिक पक्षी असेच बसून पाहिले आहेत.

प्राणी दिसला की मुलगी पुढे धावेल. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गव्यांसारख्या दिसणाऱ्या बायसनपासून २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर लांब राहायचा नियम आहे. तुमच्या उद्यानाचा आकडा तिथे विचारून घ्या. आणि तिला एक खूण शिकवा: हात लांब करून अंगठा वर धरायचा, एक डोळा मिटायचा. अंगठ्याआड अख्खा प्राणी झाकला गेला नाही तर आपण फार जवळ आहोत, मागे सरायचं.