10 किलोमीटर धावताना पहिले 3 सहज जातात, 5 च्या पेसने (म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं), मग एकदम दम का संपतो? सातव्याला पेस साडेसहावर येतो. माझी फुफ्फुसं कमी पडतात का?

फुफ्फुसांना आधी या खटल्यातून मोकळं करू. निरोगी माणसाची फुफ्फुसं धावताना सहसा आड येत नाहीत. मर्यादा येते ती हृदयाची, म्हणजे एका मिनिटात ते पायांच्या स्नायूंपर्यंत किती रक्त पोचवू शकतं याची. (छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र उत्तरं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा.)

पण तुम्ही दिलेले आकडे बघता मला तोही प्रश्न वाटत नाही. पहिले 3 किमी 5 च्या पेसने आणि सातव्याला साडेसहा! तुम्ही सुरुवात उधारीवर करताय.

होतं काय, की पहिली दोन-तीन मिनिटं ऑक्सिजनचा पुरवठा मागणीच्या मागेच असतो आणि स्नायू जवळच्या साठ्यावर भागवतात. म्हणून तेव्हा सगळंच सोपं वाटतं. प्रत्येकाचा एक वेग असतो, रनर मंडळी त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. सराव असलेला माणूस तो साधारण तासभर टिकवतो. त्याच्या वर गेलात की स्नायूंत आम्लता आणि फॉस्फेट साचत जातं आणि ग्लायकोजेनही (शरीरात साठवलेली साखर) भराभर जळतं. (जोरात धावताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट या थकव्यासाठी बिचारं उगाच बदनाम आहे, शरीर ते इंधन म्हणून वापरतं.) गंमत म्हणजे चूक पहिल्या किलोमीटरला होते आणि दुखतं सातव्याला, त्यामुळे आपण दोष सातव्याला देतो.

मीही दिला आहे. हाफ मॅरेथॉन दोन तासांत करायची म्हणून 5:40 चा पेस ठरवला होता. गर्दीच्या भरात पहिला किलोमीटर 5:05 ला गेला आणि मी घड्याळ बघून चक्क खूश झालो! सोळाव्यानंतर मांड्या लाकडासारख्या झाल्या, 7 च्या वर पेस गेला, आणि सुरुवातीला मी मागे टाकलेली एक आजी शांतपणे गप्पा मारत पुढे निघून गेली. शेवटी 2 तास 4 मिनिटं लागली.

त्यात उकाडा असेल तर हिशेब आणखी बिघडतो. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, म्हणून त्याच वेगाला नाडी हळूहळू चढत जाते. दमट हवेत घाम नुसता गळतो, सुकत नाही, आणि न सुकलेला घाम थंडावा देत नाही. अशा दिवशी घड्याळातला नेहमीचा पेस विसरायचा. चढावर आणि समोरून वारा असतानाही तेच: श्वास सारखा ठेवायचा, वेग पडला तर पडू द्यायचा.

ग्लायकोजेन संपून 'भिंत' लागणं, म्हणजे एकाएकी पाय उचलेनासे होणं, हा प्रकार 10 किमीचा नाही, मॅरेथॉनचा. धावायला दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण 1 किलोकॅलरी लागते. 60 किलोच्या माणसाला 42.195 किमीसाठी अडीच हजार हव्यात आणि साठा असतो दोन हजारांच्या आसपास. चरबी भर घालते, पण वेग जितका जास्त तितका तिचा वाटा कमी.

सुरुवातीच्या घाईची किंमत अव्वल धावपटूंनाही चुकत नाही. 2022 च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये केनियाच्या एलिउड किपचोगेने पहिला अर्धा भाग 59:51 मध्ये काढला, दुसऱ्याला 61:18 लागले, तरी 2:01:09 हा विश्वविक्रम झाला. पुढच्याच वर्षी शिकागोत केनियाच्याच केल्विन किप्टमने तो मोडला, 2:00:35. त्याचा पहिला अर्धा भाग 60:48 आणि दुसरा 59:47!

पुढच्या वेळी पहिले 2 किमी 6 च्या पेसने जा. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. लोक पुढे जातील, चिडचिड होईल, जाऊ द्या. मग 5:45 वर या आणि सातव्याला अंगात जोर असेल तर तिथून वाढवा. दोन-तीनदा करून स्प्लिट (प्रत्येक किलोमीटरची वेळ) इथे टाका, बघू.