समोरच्याचा हिशोब मांडता येणं, हेच या कामाचं कौशल्य

प्रश्न : मी एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. स्ट्रॅटेजी आवडते, पण वर्गात सगळी चर्चा प्रतिस्पर्ध्याला मागे कसं टाकायचं याचीच. कंपन्यांमधलं सहकार्य विश्लेषणाच्या आधारे घडवणं, यात करिअर आहे का? घरचे म्हणतात, ही कामं ओळखीवर होतात.

उत्तर : करिअर नक्की आहे. ‘अलायन्स मॅनेजर’, ‘पार्टनरशिप्स’, ‘कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी’ या नावांनी शोध. औषध आणि सॉफ्टवेअर क्षेत्रांत ही पदं असतात. घरच्यांचंही अगदी खोटं नाही. ओळखीने पहिली भेट मिळते. पण वाटणीचा विषय निघाला की ओळख पुरत नाही, तिथे तुझं काम सुरू होतं.

एक छोटं गणित बघ. ‘अ’ कंपनी एकटी 40 कमावते, ‘ब’ 20, आणि दोघी मिळून 100. ‘ब’ म्हणते निम्मं-निम्मं, ‘अ’ म्हणते आकाराप्रमाणे. तू विचारायचं, एकत्र आल्यामुळे वाढलं किती? 40. यातली एक जरी उठून गेली तरी हे सगळे 40 जातात, म्हणून ते दोघींत सारखे वाटायचे : ‘अ’ला 60, ‘ब’ला 40. अमेरिकी गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी 1953 मध्ये मांडलेली पद्धत दोघांपुरती हीच आहे. (2012 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) आता समज, ‘ब’ला दुसरीकडून 45ची खात्री मिळाली. वाढ उरली 15, आणि वाटणी झाली 47.5 व 52.5. धंदा तोच, पण पारडं फिरलं! म्हणून करार मोडला तर समोरचा कुठे जाईल, हे आधी शोधायचं. माझ्या मते निम्मं विश्लेषण तिथेच असतं, आणि विद्यार्थी नेमकं तेच सोडून आपल्याच कंपनीची स्लाइड सजवत बसतात.

प्रत्यक्षातलं उदाहरण सोनी आणि सॅमसंगचं. टीव्हीच्या बाजारात एकमेकींच्या स्पर्धक, तरी 2004 मध्ये त्यांनी एलसीडी पॅनेलसाठी एस-एलसीडी ही संयुक्त कंपनी काढली. सोनीला पॅनेलचा खात्रीचा पुरवठा हवा होता. सॅमसंगला कारखान्याच्या प्रचंड खर्चात वाटेकरी मिळाला, शिवाय मोठं गिऱ्हाईक. पुढे बाजारात पॅनेल मुबलक आणि स्वस्त झाली, तसं सोनीचं गणित बदललं. 2011च्या अखेरीस तिने आपला हिस्सा सॅमसंगला विकायचं ठरवलं. याला फसलेली भागीदारी म्हणू नकोस. बाहेर पडायची वाट कराराच्या पहिल्या दिवशीच आखायची असते.

अभ्यासात गेम थिअरी (समोरचा काय करेल हे धरून आपला निर्णय घ्यायचं गणित), करार कायदा आणि थोडं फायनान्स घे. स्पर्धा कायदा मात्र नीट शिक. दोन स्पर्धक एकत्र बसून किंमती ठरवू लागले की ते सहकार्य राहत नाही, बहुतेक देशांत तो गुन्हा किंवा जबर दंडाचा मामला ठरतो. ही रेघ कुठे आहे हे माहीत असलेला माणूस अशा बैठकीत फार मोलाचा असतो.

या सुट्टीत एस-एलसीडीवर दोन टिपणं लिही, एक सोनीच्या बाजूने आणि दुसरं सॅमसंगच्या. प्रत्येकी एक पान. दोन्ही मला पाठव, मी वाचून कळवेन.